पल्सरचा मागचा टायर, दोन हजारांचं बजेट आणि परतीचा पाऊस: एक पूर्ण प्रकरण

गाडी बजाज पल्सर १५०, सिंगल डिस्क म्हणजे फक्त पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक असलेली, २०१८ चं मॉडेल. मालक माझा मावसभाऊ, राहायला हडपसरला, मार्च २०२५ पासून फूड डिलिव्हरी करतो, दिवसाला ७०-८० किलोमीटर गाडी पळते. मागचा टायर पार गोटा झालेला, खिशात टायरसाठी बाजूला काढलेले दोन हजार रुपये, २०२५ ची दिवाळी तोंडावर आणि पुण्यात परतीचा पाऊस चालू. हे सगळं सविस्तर लिहितोय कारण डिलिव्हरीवाली पोरं, कॉलेजची पोरं, रोज हायवेनं कंपनीत जाणारी माणसं, सगळ्यांची हीच अडचण असते की टायर तर बदलायचाय पण प्रत्येक दुकानात वेगळा भाव आणि नक्की कुणाचं खरं मानायचं ते कळत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो, स्वस्तात काम करायचं तर पैसे टायरमध्ये वाचवू नका, टायरच्या आजूबाजूला जे पैसे जातात तिथे वाचवा, तिथे बरेच वाचतात.

आधी टायरची अवस्था

त्याचं म्हणणं होतं, "दादा, दिवाळी होऊ दे, मग बघू, अजून महिनाभर जाईल." म्हणून आधी टायर नीट बघितला. टायरच्या खाचांमध्ये मधेमधे रबराच्या बारीक उंचवट्यासारख्या पट्ट्या असतात आणि साइडला त्या जागी टीडब्ल्यूआय अशी अक्षरं किंवा छोटा बाण असतो, टायर घासत घासत त्या पट्टीच्या लेव्हलला आला की तो संपला, यात चर्चेला जागा नाही. याच्या टायरला मधल्या भागात पट्टीच काय, खाचच शिल्लक नव्हती, कडेला थोडी नक्षी दिसत होती आणि त्या कडेच्या नक्षीकडे बघूनच तो म्हणत होता की अजून जाईल. पण गाडी सरळ चालते तेव्हा जमिनीला लागतो तो मधला भाग, पाणी बाजूला सारायचं काम तिथल्याच खाचा करतात, आणि ओल्या डांबरावर, त्यातून त्या सिग्नलच्या पांढऱ्या पट्ट्यांवर ब्रेक मारला की गोटा टायर सरळ घसरतो.

अजून एक गोष्ट दिसली. साइडवॉलवर बारीक चिरा पडलेल्या. मग टायरवरची तारीख बघितली. लंबगोल चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे, याच्या टायरवर ०९२१ होतं म्हणजे २०२१ सालचा नववा आठवडा. त्यानं टायर टाकला होता २०२३ च्या पावसाळ्याआधी. म्हणजे दोन वर्षं दुकानात पडून असलेला टायर त्याला नवा म्हणून दिला होता, आणि त्या दुकानात तारीख कुणी दाखवली नाही, त्याला बघायची असते हे माहीत नव्हतं. रबर नुसतं पडून राहिलं तरी हळूहळू कडक होतं, ऊन-उष्णतेनं तर जास्तच, आणि कडक रबराची पकड कमी. टायर साधारण बावीस हजार किलोमीटर चालला, तसा वाईट नाही, पण शेवटच्या काही महिन्यांत तीनदा पंक्चर झाला होता, पातळ झालेल्या टायरला खिळा-काच पटकन आत घुसते.

हे तीन पंक्चर धरले की महिनाभर थांबण्यात काही वाचत नव्हतं. एका पंक्चरचे शंभर-दीडशे रुपये आणि त्यात गेलेला तास-दीड तास, तोही ऑर्डरच्या वेळेत, म्हणजे त्या दिवसाची कमाई पण गेली. दिवाळीत ऑर्डरी जास्त, पाऊस पण, गर्दी पण. त्याला हा हिशोब पटला, घसरण्याची भीती सांगून पटलं नसतं असं मला वाटतं कारण रोज त्याच टायरवर तो फिरतच होता.

पुढचा टायर बघितला, त्यावर पट्टीच्या वर बऱ्यापैकी रबर शिल्लक होतं, तारीखही ठीक. दोन्ही एकदम बदला असं काही जण सांगतात पण मागचा टायर पुढच्यापेक्षा लवकर झिजतोच, ताकद त्याच्यावर, वजन त्याच्यावर, पाठीवरची डिलिव्हरीची बॅग पण त्याच्यावरच. त्यामुळे फक्त मागचा, हे ठरलं.

साइज

पल्सर १५० सिंगल डिस्कला मागे १००/९०-१७ ट्यूबलेस येतो, पुढे ८०/१००-१७. शंभर म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, नव्वद म्हणजे त्या रुंदीच्या नव्वद टक्के उंची, सतरा म्हणजे रिम इंचात. त्यापुढे ५५पी असं काहीतरी असतं, ५५ हा लोड इंडेक्स म्हणजे २१८ किलोपर्यंत वजन आणि पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग. हे एवढं फोनवर सांगता आलं की समोरचा दुकानदार पण वेगळ्या सुरात बोलतो.

एका ठिकाणी त्याला सांगितलं की जाड टायर टाक, ट्विन डिस्कवाला १२०/८० टाक, गाडी भारी दिसते, ग्रीप मिळते. ट्विन डिस्क मॉडेलला तो टायर आहे हे खरं पण त्याला रिम पण तशी रुंद आहे. बारीक रिमवर जाड टायर चढवला की तो कडेनं दाबला जाऊन जास्त गोल होतो, जमिनीला टेकणारा भाग वाढण्याऐवजी वळणावर गाडी विचित्र वागते, पिकअप आणि ॲव्हरेज पडतं. दिवसाला ७५ किलोमीटर चालवणाऱ्याला ॲव्हरेज दोन-तीनने पडलं तर वर्षाकाठी एका टायरएवढं पेट्रोल जास्त जातं. कंपनीची साइज सोडायची नाही.

भाव काढले

फोन करायचं काम मी घेतलं, तो गाडीवर असायचा. पहिल्या दोन फोननंतर लक्षात आलं की "टायर केवढ्याला" असं विचारलं तर मिळणारा आकडा काही कामाचा नाही, कारण एक जण नुसत्या टायरचा सांगतो, दुसरा फिटिंग धरून, तिसरा बिलाशिवायचा, आणि मग दुकानात गेलं की व्हॉल्व्हचे वेगळे, चाक काढायचे वेगळे, नायट्रोजनचे वेगळे. म्हणून मग प्रश्न असा केला: "१००/९०-१७ ट्यूबलेस, अमुक कंपनीचा, नवा व्हॉल्व्ह, चाक काढून-घालून फिटिंग, पक्कं बिल, असं सगळं धरून गाडी बाहेर काढताना किती द्यायचे, आणि टायर कुठल्या तारखेचा आहे?" यातला शेवटचा प्रश्न ऐकून काही जण म्हणाले बघून सांगतो, ज्यांनी खरंच बघून सांगितलं ती दुकानं मी यादीत ठेवली.

घराजवळच्या गॅरेजवाल्यानं २,६०० सांगितले, २,४०० टायर आणि २०० फिटिंग, बिल मिळणार नाही. फायदा इतकाच की पाच मिनिटांवर.

टायर कंपनीच्या अधिकृत शोरूमवाल्यानं टायर २,२१० ला, मशीनवर फिटिंग १५०, व्हॉल्व्ह ५०, नायट्रोजन हवा तर त्याचे वेगळे. म्हणजे २,४१० च्या आसपास, बिल पक्कं, तारीख ताजी. ज्याला वेळ नाही आणि डोक्याला त्रास नको त्यानं इथे जावं, माझी काही हरकत नाही.

ऑनलाइन तोच टायर १,८९० ला दिसत होता. आकडा बघून भाऊ लगेच मागवायला निघाला होता पण दोन अडचणी. एक, आठवडा कुठला ते आधी कळत नाही, घरी आल्यावर जुना निघाला तर परत पाठवायचं झंझट आणि तोवर गाडी गोट्या टायरवरच. दुसरी, फिटिंगवाले बाहेरून आणलेल्या टायरला जास्त घेतात, मला फोनवर २५०-३०० सांगितले आणि वर "फिटिंगनंतर हवा लीक झाली तर आमची जबाबदारी नाही" हे पण. जोडून बघितलं तर शोरूमपेक्षा जेमतेम दोनशेएक रुपये वाचतात, तेवढ्यासाठी चार दिवस थांबण्यात अर्थ नव्हता. ज्यांच्या ओळखीचा फिटर आहे आणि टायर अजून दोन महिने चालणार आहे त्यांना ऑनलाइन परवडू शकतं.

आणि मग नाना पेठ. पुण्यात दुचाकीचं सामान म्हटलं की नाना पेठ, तिथे टायरची दुकानं एकमेकांना लागून आहेत आणि पल्सरच्या साइजला पुण्यात मागणीही भरपूर, गाडीच इथली, आकुर्डी-चाकणची. माल पटापट फिरतो म्हणून तारखा ताज्या मिळतात, आणि शेजारी शेजारी स्पर्धा असल्यानं भाव खाली येतो. तिथल्या दोन दुकानांनी फोनवर १,९५० आणि १,९८० सांगितलं, पक्क्या बिलासकट, फिटिंग शेजारचा माणूस करतो त्याचे १५०.

जीएसटीचा मुद्दा

हा भाग जरा लांब लिहितो कारण इथेच बरेच जण जास्त पैसे देऊन आले असतील. २२ सप्टेंबर २०२५ पासून दुचाकीच्या नव्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. समजा टायरवर जुनी एमआरपी २,४०० छापलीये, सगळे कर धरून. त्यातली मूळ किंमत होते १,८७५, तिच्यावर १८ टक्के लावले की २,२१२ रुपये आणि वर काही पैसे. म्हणजे एमआरपीच्याच हिशोबानं १८७ रुपये कमी व्हायला पाहिजेत, म्हणजे जवळपास आठ टक्के. दहा टक्के कमी होतील असं काही जणांना वाटतं, तसं नाही, कारण कर मूळ किमतीवर लागतो, एमआरपीवर नाही.

घराजवळच्या गॅरेजवाल्यानं २,४०० चाच आकडा धरला होता आणि कारण दिलं, "माझा जुना स्टॉक आहे, मी २८ टक्के भरून माल घेतलाय." ऐकायला पटतं. पण जीएसटी लागतो तो माल गिऱ्हाइकाला विकला त्या दिवसाच्या दरानं, माल कधी घेतला त्याच्याशी संबंध नाही, आणि नेहमीच्या पद्धतीनं जीएसटी भरणाऱ्या दुकानदाराला आधी भरलेल्या २८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं, ते त्याच्या पुढच्या करातून वळतं होतं, त्याच्या खिशातून जात नाही. एक अपवाद आहे आणि तो प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, छोटे दुकानदार कंपोझिशन स्कीममध्ये, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायच्या सोप्या योजनेत असतात, त्यांना हे क्रेडिट मिळत नाही, त्यांचा जुना माल खरोखरच महाग पडलेला असतो. पण मग ते बिलावर गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा लावूही शकत नाहीत. म्हणजे कुणी बिलात जीएसटी दाखवून १८ च्या ऐवजी २८ लावला तर ते सरळ चूक आहे, आणि बिलच न देता जुना भाव सांगत असेल तर पुढच्या दुकानात जायचं. भांडायची गरज नाही, मी पण भांडलो नाही, तो माणूस बाकी कामाला चांगला आहे आणि भावाची गाडी सर्व्हिसिंगला तिथेच जाते.

७०० रुपयांचा टायर

दोन हजारांत बसवायचं म्हणून भावानं स्वतः एक सेकंड हँड टायर शोधून आणला होता, म्हणजे फोटो आणला होता, ७०० रुपये, फिटिंगसकट ८५०. फोटोत टायर काळाभोर चकाचक, खाचा खोल. मी त्याच्यासोबत जाऊन हातात घेऊन बघितला. खाचांच्या कडा अगदी धारदार, कारखान्यातल्या साच्यातून निघालेल्या टायरच्या खाचांची कड थोडी गोलसर असते आणि तळाशी टीडब्ल्यूआयची पट्टी असते. इथे साइडला टीडब्ल्यूआयचं चिन्ह होतं पण त्या जागी खाचेत पट्टीच नव्हती. म्हणजे गोटा टायर घेऊन गरम पात्यानं नव्यानं खाचा कापलेल्या आणि वरून काळं पॉलिश मारलेलं. मुळात रबर संपलेलं असताना अजून खोल कापलं की खाली आतल्या धाग्यांवर रबराचा पापुद्रा राहतो. असा टायर उन्हात, वजनासकट, ६० च्या स्पीडला फुटला तर काय होईल हे भावाला सांगावं लागलं नाही, टायर आतून वाकवून बघितल्यावर एके ठिकाणी त्याला स्वतःलाच धागा दिसला.

सेकंड हँड टायर कधीच घेऊ नये असं मी म्हणणार नाही, कधीकधी लोक नव्या गाडीचे टायर काढून जाड टायर टाकतात आणि ते काढलेले टायर खरंच चांगले असतात. पण ते ओळखता आले पाहिजेत: तारीख, टीडब्ल्यूआयची पट्टी, आतून पॅच किती, कडेची तार म्हणजे बीड कुठे तुटलीये का. हे चार बघता येत नसेल तर लांबच राहिलेलं बरं. आणि रोज डिलिव्हरी करणाऱ्यानं तर नकोच.

यापेक्षा अवघड प्रश्न होता कमी नावाच्या कंपनीच्या नव्या टायरचा. १,५५० ला मिळत होता, सगळं धरून १,७४०. बजेटमध्ये बसत होता, नवा होता, तारीख चांगली होती. तो नको म्हणायला नुसतं कंपनीचं नाव पुरेसं कारण नाही. मग किलोमीटरवर हिशोब केला. चांगल्या कंपनीचा आधीचा टायर, तोही जुन्या तारखेचा, बावीस हजार चालला होता, आपण वीस हजार धरू. तसाच नवा टायर नाना पेठेत शेवटी सगळं धरून २,१२० ला पडला, ते भागिले वीस हजार म्हणजे किलोमीटरला साडेदहा पैशांच्या आसपास. स्वस्त टायर त्याच्याच सोबतच्या डिलिव्हरीवाल्या दोघांनी वापरलेला, दोघांचाही बारा हजाराच्या आत संपला होता. बारा धरले तरी साडेचौदा पैसे. शिवाय फिटिंग, व्हॉल्व्ह आणि गेलेला वेळ हे सगळं परत लवकर करायचं. ज्याची गाडी दिवसाला दहा किलोमीटर चालते त्याचा टायर झिजण्याआधी म्हातारा होतो, त्याला हा हिशोब लागू नाही, त्यानं खुशाल १,५५० चा घ्यावा. पण ७५ किलोमीटरवाल्याला महागातला स्वस्त पडतो. वरचे एकशेवीस रुपये कुठून आणायचे एवढाच प्रश्न उरला आणि ते त्यानं त्या आठवड्याच्या पेमेंटमधून आणले.

नाना पेठेत

लंचच्या ऑर्डरी संपल्यावर, संध्याकाळच्या सुरू व्हायच्या आत, साधारण चारला निघालो, त्या वेळेत त्याचं कमाईचं नुकसान सगळ्यात कमी. निघण्याआधी दुकानात फोन करून टायर बाजूला ठेवायला सांगितला. पाऊस थांबलेला होता, तरी सोलापूर रोडनं फातिमानगर, गोळीबार मैदान करत तो हळूच आला, मी मागे माझ्या गाडीवर.

दुकानदार काका वयस्कर, बोलायला सरळ. टायर काढून दिला, आम्ही आधी तारीख बघितली, २९२५, म्हणजे जुलै २०२५ मधला, तीन महिन्यांचा टायर. एवढा ताजा मिळायलाच पाहिजे असं नाही, सहा-आठ महिन्यांपर्यंतचा मला चालला असता, वर्षाच्या वरचा असेल तर मी भाव कमी मागतो आणि दोन वर्षांचा फुकटात पण घेत नाही. काकांना म्हटलं, शेजारी १,९५० सांगतायत, रोख देतो, आत्ता लगेच. १,९३० ला दिला, पक्कं बिल, त्यावर टायरचा नंबर लिहून घेतला. हा नंबर लिहून घेणं महत्त्वाचं, टायरला फुगा आला किंवा कारखान्यातला दोष निघाला तर कंपनीकडे क्लेम करताना बिल विचारतात आणि बिलावरचा टायर तोच हे दाखवावं लागतं.

फिटर चाचा शेजारीच, फुटपाथला लागून. मशीन नव्हतं, हातानं पट्ट्या लावून टायर काढणार होते. अलॉय व्हीलला हातानं टायर काढताना रिमच्या कडेला पट्टीचा चरा पडतो आणि कड दुखावली की पुढे आयुष्यभर तिथून हळूहळू हवा जाते, म्हणून मी आधी त्यांना एक चाक करताना बघितलं. प्रत्येक पट्टीखाली ते जुन्या ट्यूबचा तुकडा ठेवत होते, मग शंका राहिली नाही. तसं करत नसतील तर मशीनवाल्याकडे जा, पन्नास रुपये जास्त गेले तरी चालतील, रिम काही हजारांची येते.

चाक बाहेर निघालं की बाकीच्या गोष्टी फुकटात दिसतात आणि ही संधी सोडायची नाही. ब्रेकचे लायनर बघितले, ठीक होते, चाचांनी नुसती धूळ साफ केली. बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवलं, खरखर नाही. हबमधले रबर मात्र चिरलेले, चेनचा धक्का झेलायला असतात ते, गेले की गिअर टाकताना खाडकन आवाज येतो आणि चेन-स्प्रोकेट लवकर खराब होतं. भाऊ दोन महिने त्या आवाजाला इंजिनचा आवाज समजत होता आणि घाबरून गॅरेजला जात नव्हता. नाना पेठेतच असल्यानं रबर समोरच्या दुकानातून १८० ला आणले, लावायचे चाचांनी वेगळे घेतले नाहीत कारण चाक उघडंच होतं. हेच नंतर करायला गेलं असतं तर परत चाक काढायची मजुरी.

व्हॉल्व्ह नवा, ४० रुपये. व्हॉल्व्हचं रबर टायरसोबतच म्हातारं होतं आणि ते बुडाशी चिरलं की हवा जाते, तो बदलायला परत टायर उचकटावा लागतो, म्हणून ४० रुपये वाचवायची ही जागा नव्हे. चढवताना साइडवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेला आहे हे बघून घेतलं. टायरवर पिवळा ठिपका होता, तो टायरचा हलका भाग दाखवतो म्हणून व्हॉल्व्हच्या अगदी लगत ठेवायचा, चाचांनी न सांगता तसाच ठेवला. मग साबणाचं पाणी, हवा, दोन्ही बाजूंनी टायर रिमवर बसल्याचा टाक टाक आवाज. रिमच्या कडेला टायरवर एक बारीक रेघ असते ती सगळीकडून सारख्या अंतरावर दिसली की टायर नीट बसला.

इथे एक गोष्ट फार लोकांच्या लक्षात येत नाही. टायर रिमवर बसवायला हवा बरीच जास्त मारतात, चाळीसच्या वर, आणि घाईत तीच तशीच ठेवून गाडी देतात. नवा टायर, जास्त हवा, ओला रस्ता, हे एकत्र फार वाईट. मी गेज लावायला सांगितलं आणि हवा ३२ वर आणली. पल्सरला एकट्यासाठी मागे २८ आणि डबलसीट ३२, पुढे २५. भावाच्या बॅगेचं वजन धरून मागे ३० ठेवायचं ठरलं, घरी पोचेपर्यंत टायर गरम झाला होता म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरवर परत मोजून ३० केली.

चाक बसवल्यावर चेनचं टेन्शन, दोन्ही बाजूच्या ॲडजस्टरच्या खुणा सारख्या, मागच्या ब्रेकचा पॅडल, ब्रेक प्लेटला धरून ठेवणाऱ्या दांडीचा नट आणि त्याची पिन, आणि एक्सलचा नट. ही दांडी सुटी राहिली तर ब्रेक मारल्यावर प्लेट फिरते आणि चाक जाम होऊ शकतं. कुठलाही फिटर असो, कितीही ओळखीचा असो, हे पाच स्वतः हात लावून बघायचे, त्यात कुणी रागवायचं कारण नाही. चाचांना उलट बरं वाटलं, ते म्हणाले, "अच्छा है बेटा, देख लो, मेरा भी टेंशन गया."

एकूण गेले: टायर १,९३०, व्हॉल्व्ह ४०, फिटिंग १५०, म्हणजे २,१२०, आणि हब रबरचे १८०, असे २,३००. गॅरेजवाल्याच्या २,६०० मध्ये रबर नव्हतं आणि बिलही नव्हतं. सारख्याला सारखं धरलं तर ४८० रुपये वाचले आणि टायर त्याच दर्जाचा.

जुना टायर चाचांनी विचारला, ठेवू का. मी त्यांना ठेवा म्हटलं पण आधी साइडवॉलला कटरनं आरपार चीर मारायला लावली. त्या ७०० रुपयांच्या टायरसारखा हाही खाचा कापून कुणाच्या तरी गाडीला लागला असता.

नंतर

नव्या टायरवर साच्यातून सुटायला लावलेल्या द्रव्याचा गुळगुळीत थर असतो, तो घासून जाईपर्यंत पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गाडी जास्त तिरकी करायची नाही, एकदम ब्रेक मारायचा नाही. डिलिव्हरीवाल्याला दोन दिवस हळू चालव म्हणणं सोपं नाही, त्याच्यामागे टायमर लागलेला असतो. त्यानं त्या दोन दिवसांत लांबच्या ऑर्डरी टाळल्या.

हवेचं मात्र मी पक्कं करून घेतलं. दर सोमवारी सकाळी, गाडी पंपापर्यंत नेण्याइतकीच चाललेली असताना, ३० मागे आणि २५ पुढे. हवा कमी ठेवून चालवलं की टायर गरम होतो, कडा झिजतात, पेट्रोल जास्त लागतं, आणि वीस हजार चालणारा टायर पंधरावर संपतो. मावशीला पण सांगून ठेवलंय, ती सोमवारी आठवण करते.

पंक्चर झालं तर काय हेही आधीच बोलून ठेवलं. ट्यूबलेसला भोकात रबराची स्ट्रिप मारतात ते चालतं, पण दोन-तीन पंक्चर झाले की पंक्चरवाले ट्यूब टाका म्हणून मागे लागतात. ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब टाकली की आत घासून गरम होते आणि पंक्चर झालं की हवा एकदम जाते, ट्यूबलेसमध्ये ती हळूहळू जाते आणि गाडी सावरायला वेळ मिळतो, हा ट्यूबलेसचा सगळ्यात मोठा फायदाच ट्यूब टाकून घालवायचा, ते नको. साइडवॉलला कट बसला असेल तर मात्र स्ट्रिप पण नको, टायर गेला.

ज्यांच्याकडे तारांचं चाक आणि ट्यूबचा टायर आहे, जुनी स्प्लेंडर वगैरे, त्यांना यातलं बहुतेक सगळं लागू, फक्त टायरसोबत ट्यूब आणि रिमवरची रबरी पट्टी नवी टाकायची, जुनी ट्यूब नव्या टायरमध्ये घडी पडून फाटते. त्यांचा खर्चही यापेक्षा कमी येतो.

पुढच्या टायरचं माझ्या अंदाजानं २०२६ च्या पावसाळ्याआधी बघावं लागेल. काकांना तेव्हाच ८०/१००-१७ चा भाव विचारून बिलाच्या मागे लिहून घेतलाय, म्हणजे तेव्हा फोन करताना कुठून सुरुवात करायची ते माहीत असेल, आणि भाऊ तोपर्यंत आठवड्याला शंभर रुपये वेगळे टाकतोय.